यादीतला पहिला नंबर

शीलुओ, १४ एप्रिल

वेंग युए-श्या हिस,

दुसरा भाग आला. काल दुपारी चान मावशीच्या भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानात खोकं फोडलं आणि पुस्तक काचेच्या कपाटात ठेवलं. बातमी मावशीनेच दिली, आणि मी जाऊन डोळ्यांनी पाहून आले, म्हणून खात्रीने लिहिते. ‘नगरदेवाचा लेखनिक’, भाग दुसरा. अकरा वर्षांनी.

नऊ वर्षांत एक ओळ न लिहिणारी बाई एकदम पुस्तकाबद्दल कशी बोलायला लागली, असं तुला वाटेल. पण भाजीबाजाराच्या पत्रिकेत रोज कोबीचे नि लसणाचे भाव लिहून मला हीच सवय लागली आहे. आधी बातमी, मग ती कोणी दिली ते, मग जागा उरली तर बाकीचं.

पुस्तकाच्या पाठीवर पहिल्या भागाचा गोषवारा दिला आहे. तू विसरली नसशील, तरी उतरवून देते: “नगरदेवाच्या दरबारातला लेखनिक, शंभर वर्षांपूर्वी मेलेला. माणसांची नावं मृत्यूच्या वहीत चढवणं हे त्याचं काम. छत्र्या विकणाऱ्या वान-चिंगचं नाव चढवायला तो येतो आणि चढवतच नाही. रोज संध्याकाळी तिच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारतो, आत येऊ का? आणि ती हो म्हणेपर्यंत पाऊल टाकत नाही. वही कोरी ठेवल्याबद्दल त्याला नदीपल्याड हद्दपार करतात. तो परत येईल का?” गोषवारा बरा आहे, पण ‘रोज संध्याकाळी’ चूक. पावसात तो येत नसे, शाई ओघळते म्हणून. हे तुला आणि मला माहीत आहे, छापणाऱ्यांना नाही.

आता अडचण सांगते. पहिला भाग वाचून संपवल्याच्या दिवशी तू दुसऱ्या भागासाठी नाव नोंदवलं होतंस. मी तुझ्या मागे उभी होते. ती यादी मावशीने अजून सांभाळली आहे. तू पहिली, मी दुसरी, मग चौदा जणं.

मी म्हटलं, “मावशी, दे पुस्तक.”

“तुझा नंबर कितवा?”

“दुसरा.”

“मग पहिली कुठाय?”

“मावशी, ती पंगहू बेटावर जाऊन नऊ वर्षं झाली!”

“झाली असतील. यादीत पत्त्याचा रकाना नाही. नाव आहे आणि नंबर आहे. तिचं झालं की तुझं.”

“आणि ती आलीच नाही तर?”

“तर तिने शिक्का मारून लिहून द्यावं, नंबर सोडला म्हणून. मग मी खोडते. अकरा वर्षं मी हे नाव खोडलं नाही, आता तुझ्या घाईसाठी खोडू होय?”

माझी मुलगी म्हणते, आई, नेटवरून मागव की, परवा घरी येईल. मी म्हटलं, मग यादीला अर्थ काय राहिला? ती म्हणाली, तुम्हा बायकांची यादी म्हणजे काय नगरदेवाची वही आहे का? मी म्हटलं, आहे.

तेव्हा मार्ग दोन. तू येऊन पुस्तक घे, किंवा नंबर सोडल्याचं लिहून दे. दुसरा मार्ग सोपा आहे. मी तो सुचवत नाही, फक्त नोंदवते.

फोन करणार होते, पण तू ठेवून दिला असतास. पत्र ठेवून द्यायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

दादाची चौकशी करू नकोस. तो बरा आहे.

ज्येन सू-लुआन


शीलुओ, २३ एप्रिल

युए-श्या,

तुझं पोस्टकार्ड परवा आलं. ते मला नव्हतं, दुकानाच्या पत्त्यावर होतं, तरी आधी पोस्टमनने वाचलं, मग शेजारच्या सोया-सॉसवाल्याने, आणि मी पोचेपर्यंत अर्ध्या गल्लीला पाठ झालं होतं. “पुस्तक आधी सू-लुआनला द्यावं. नंबर माझा राहील. शेवट कोणी कळवू नये.” खाली तुझा लाल शिक्का.

मला एक अक्षर नाही, हे माझ्या लक्षात आलं. पण “नंबर माझा राहील” हे वाक्य मी तीनदा वाचलं. मावशीने कार्ड कपाटाच्या काचेवर आतून चिकटवलं आहे, त्यामुळे जातायेता चौथ्यांदा, पाचव्यांदाही वाचणं झालं.

पुस्तक मिळालं. तीन दिवसांची मुदत. शेवट कळवायचा नाही हे मान्य. सुरुवातीबद्दल तू काही अट घातलेली नाहीस.

आ-श्या, मला राग आला आहे.

थांब, आधी चांगलं सांगते. कथेतही अकरा वर्षं गेली आहेत. वान-चिंग आता एकोणचाळीसची. तिने छत्र्यांचं दुकान मोठं केलं आहे, दोन बायका हाताखाली आहेत, आणि तिला गुडघेदुखी आहे. प्रेमकथेत गुडघेदुखी मी पहिल्यांदाच वाचली. जिना चढताना ती कठड्याला धरून मनातल्या मनात पायऱ्या मोजते, तिथे मी पुस्तक मिटून हसले. मी बाजाराच्या कचेरीचा जिना अगदी तशीच चढते.

आता वाईट. लेखनिक परत येतो, तसाच अठ्ठावीसचा, एक सुरकुती नाही. ठीक आहे, भूत आहे. पण अकरा वर्षांनी भेटलेला पुरुष तिच्या पांढऱ्या केसांबद्दल एक शब्द बोलत नाही! चांगला नाही, वाईट नाही, काहीच नाही. वर तो विनोद करायला लागला आहे. पहिल्या भागात तो एका प्रकरणात चार वाक्यं बोलायचा आणि आपण ती चारही वहीत उतरवायचो. आता तो त्रेसष्टाव्या पानावर गरम शेवयांचं सूप पितो आणि मिरपूड जास्त झाली म्हणून तक्रार करतो. भुतांना गरम अन्न चालत नाही हे पहिल्या भागात दोनदा आलं आहे. एक वैद्यही आहे, तो खरं म्हणजे माणसाचं रूप घेतलेला कोल्हा आहे, फार देखणा, आणि त्याचं काम एवढंच की दर वीस पानांनी खिडकीत उभं राहायचं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लेखनिक न विचारता आत येतो. दार ढकलतो, उंबरा ओलांडतो, आणि म्हणतो, मी आलो. आपल्या लेखनिकाने! पहिल्या भागात सत्तावीस वेळा विचारलं होतं. तू मोजलं होतंस, मी पडताळलं होतं. लेखिका विसरली, दुसरं काय. अकरा वर्षांत माणूस स्वतःचं लिहिलेलं विसरतो. मी प्रकाशकाला एक पत्र लिहून पाकिटात घातलं आहे. तिकीट लावायचं आहे.

शंभर पानं झाली. पुढचं वाचायचं मन नाही. वाचणार अर्थात. यादीतले सातवे, व्यायाम शिकवणारे हुआंग सर मला रोज अडवतात. “कसं आहे? बायकोला सांगायचंय.” त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मी म्हणते, “सर, वहिनींना सांगा, गुडघ्यांचं वर्णन चांगलं आहे.”

दादा बरा आहे. देवळांच्या छपरांवर कामाला असतो.

सू-लुआन


शीलुओ, २९ एप्रिल

आ-श्या,

“न विचारता? शक्यच नाही. पान कोणतं?”

हे कार्ड माझ्या पत्त्यावर आलं. माझ्या! सहा शब्द आहेत आणि त्यात नमस्कार नाही, सही नाही, खुशाली नाही. मला फार आनंद झाला. मी ते मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, “यात काय आहे?” मी म्हटलं, “तुला नाही कळणार. ती चिडली आहे.”

पान एक्केचाळीस, खालून सहावी ओळ.

आता ऐक, आणि मला हसू नकोस. प्रकाशकाचं पत्र मी पाकिटासकट फाडलं आहे.

पुस्तक मुदतीत संपवलं. शेवट सांगत नाही. पण पान एकशे सत्त्याऐंशी हा शेवट नाही, मध्य आहे, आणि ते मी तुला सांगितलं नाही तर मला भाजीचे भाव लिहिता येणार नाहीत. काल वांग्याच्या रकान्यात मी मुळ्याचा भाव घातला. साहेब म्हणाले, “ज्येन बाई, बावीस वर्षांत पहिली चूक.”

तर वान-चिंग इतके दिवस गप्प असते. तो येतो, बसतो, विनोद करतो, सूप पितो, आणि ती पाहत राहते. आपण वाचतो तेव्हा वाटतं, लेखिकेची पकड सुटली, ही बाई अशी मुकी का झाली? आणि एकशे सत्त्याऐंशीवर ती हातातली छत्री मिटते आणि म्हणते, “तुम्ही त्या दिवशी विचारलं नाहीत. तुम्हाला वाटलं, अकरा वर्षं दिवा लावला म्हणजे दार उघडंच आहे. दिवा मी लावला. दार माझं आहे. बाहेर व्हा, आणि पुन्हा विचारा.”

आणि तो बाहेर होतो. कोल्हा खिडकीतून हे पाहतो आणि त्याचं ते देखणं तोंड उघडंच राहतं.

म्हणजे लेखिका विसरली नव्हती. तिने तो मुद्दाम आत आणला होता. ते विनोद, ते सूप, सगळं मुद्दाम. आपलं स्वागत गृहीत धरलेला माणूस कसा सैल होतो ते दाखवायला. मी शंभर पानं तिला शिव्या घातल्या आणि ती पुढे बसून माझी वाट पाहत होती.

तरी सगळं माफ नाही. केसांबद्दल तो शेवटपर्यंत बोलत नाही. कौलांवरच्या चुंबनाला चौदा पानं लागतात, आणि गुडघेदुखीची बाई कौलांवर चढली कशी हे कोणी सांगत नाही. दादा म्हणतो, त्या उताराच्या कौलांवर तो स्वतः दोर बांधल्याशिवाय चढत नाही. पहिला भाग जास्त सुंदर होता. हा जास्त खरा आहे. मला कोणता आवडला ते विचारू नकोस, सकाळी एक उत्तर येतं, जेवल्यावर दुसरं.

आता कामाचं. पुस्तक परत केल्यावर तिसऱ्या नंबरची बाई, दाताच्या डॉक्टरची बायको, हात पुढे करून उभीच होती. मावशीने पुस्तक कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

“अहो, माझी पाळी!”

“पहिलीची झाली का? तिने आधी जाऊ दिलं, नंबर सोडला नाही. दोननंतर एक, मग तीन.”

“मग पाठवा ना तिला पोस्टाने!”

“माझं पुस्तक समुद्र ओलांडत नाही. एकदा एका शिपायाबरोबर बेटावर गेलं होतं. शिपाई आला, पुस्तक नाही आलं.”

तेव्हा स्थिती अशी की गावातली चौदा माणसं तुझ्यावाचून अडली आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, तिला लिही, नंबर सोड म्हणावं. मी लिहीन म्हटलं. लिहिते: डॉक्टरीणबाई म्हणतात, नंबर सोड. कळवण्याचं काम केलं.

माझं म्हणणं वेगळं आहे. तू राहायचीस त्या खोलीत आता मोबाईल दुरुस्त करतात. पत्रपेटीवर दुसरं नाव आहे. बाजारात तुझ्या भाजीच्या गाळ्यावर सुनेला घेऊन कोणी शिएह म्हणून बसतात, कोबी चांगला ठेवतात. या गावात तुझं नाव त्या एका यादीत उरलं आहे. ते खोडलं की तुला इथे यायला काही कारणच राहणार नाही, आणि मला तुला लिहायलाही. म्हणून सोडू नकोस. डॉक्टरीणबाई थांबतील. त्यांना दुसरी पुस्तकं आहेत.

सू-लुआन


शीलुओ, ४ मे

आ-श्या,

तुझं उत्तर यायच्या आधीच हे लिहिते. सोमवार ते शनिवार मी दुपारी तीनला मजकूर देते; एकदा दिला की बदलता येत नाही. आज रविवार आहे. आज लिहिलं नाही तर पुढच्या आठवड्यात मी हे पुन्हा सुधारून, साफ करून, काढून टाकीन.

एकशे सत्त्याऐंशी पान वाचलं तेव्हा मला लेखिकेचं कौतुक वाटलं असं मी लिहिलं. ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं, की ती “बाहेर व्हा” म्हणाली तेव्हा मला वाटलं ती मलाच बोलली.

केकची गोष्ट. तिच्याबद्दल आपण दोघी कधी सरळ बोललो नाही.

मी दादासाठी तुझा विचार केला होता. त्यात वाईट काही नव्हतं, तो एकटा, तू एकटी. चूक पुढे झाली. मी साखरपुड्याच्या केकची छत्तीस खोकी सांगितली, आत अक्रोडाचं सारण नि मुगाचं, दोन्ही. खोक्यांवर सोनेरी अक्षरांत दोघांची नावं. मुलीकडच्यांनी हे केक वाटले की लग्न ठरलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तुझ्याकडचं कोणी इथे नाही, म्हणून तुझ्या वतीने मीच वाटायला घेतले. बारा खोकी वाटून झाली. मग टोफूवालीने तुला बाजारात गाठलं. “अभिनंदन गं! अक्रोडाचा फार छान होता!” तुझ्या हातात अर्धा कोबी होता. तू तो तराजूवर ठेवलास आणि विचारलंस, “कसला केक?”

हे टोफूवालीनेच मला सांगितलं, म्हणजे खरं आहे.

मी दादाला विचारलं होतं. बेकरीवाल्याला विचारलं होतं. पंचांगात दिवस पाहिला होता. तुला विचारायचं राहिलं. राहिलं असंही नाही. मला वाटलं विचारण्यासारखं काय आहे, आपण दोघी एकच पुस्तक धरून वाचतो, आ-श्याच्या मनातलं मला कळतं.

आणि तू माझ्या दारात येऊन नाही म्हणालीस तेव्हा मी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “जिवंत माणूस कशाला हवा असेल तुला! तुला पुस्तकातलं भूत हवं. भुताचे मोजे धुवावे लागत नाहीत.” सगळे हसले. बसथांब्यावर तू निघालीस तेव्हा मी आणखी एक म्हटलं. माझ्या भावाचं आयुष्य तू फुकट घालवलंस.

आता हे वाच. दादाचं लग्न झालं. तू गेल्यावर दोन वर्षांच्या आत. आज सात वर्षं झाली. बायको तौलिऊची, आ-मान, वाटीत वाफवलेल्या तांदळाच्या पिठाच्या वड्या विकते, आणि तिने त्याला इतकं खाऊ घातलं आहे की देवळाच्या छपरावर त्याला आता जाड दोर लागतो. त्याचं आयुष्य अजिबात फुकट गेलेलं नाही. हे मी तुला सात वर्षं कळवलं नाही आणि गेल्या महिन्यातही दोन पत्रांत “बरा आहे” म्हणत राहिले, कारण कळवलं असतं तर बसथांब्यावरचं माझं वाक्य खोटं ठरलं असतं. ते खोटं असल्याचं मला लग्नाच्या जेवणातच कळलं होतं. दादा तिसऱ्यांदा मासा वाढून घेत होता.

आज ते दोघं जेवायला आले होते. मी सांगितलं, आ-श्याला पत्र लिहिते आहे.

दादा म्हणाला, “माझ्याबद्दल लिहिलंस का?”

“बरा आहेस म्हणून लिहिलं.”

“आणि हिच्याबद्दल?”

मी ताटात पाहिलं. आ-मान वहिनी हसायलाच लागली. “अगं बाई! म्हणजे तिला वाटतंय हे अजून तिच्यासाठी छपरावर बसून रडतात?”

“नऊ वर्षं रडलो असतो,” दादा म्हणाला, “तर छपरांवरचे चिनी मातीचे ड्रॅगन वाहून गेले असते गावातले.” मग त्याने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. “आ-लुआन, माझंही चुकलं. मला वाटलं तू तिला विचारलं असशील. तुला वाटलं मी विचारलं असेन.”

“मला तसं वाटलं नव्हतं, दादा. मला ठाऊक होतं कोणी विचारलं नाही.”

वहिनीने त्याच्या वाटीत आणखी भात घातला.

“मग हे तिला लिही,” तो म्हणाला. “मला कशाला सांगतेस?”

म्हणून लिहिलं. आ-श्या, मी तुला विचारलं नाही आणि तुझ्या नावाने केक वाटले. मग चारचौघांत तुझं हसं केलं. माझं चुकलं. त्यात ‘पण’ नाही.

आता तुला नंबर सोडायचा असेल तर सोड. मागच्या पत्रात ‘सोडू नकोस’ म्हटलं ते मागे घेते. तीही माझीच घाई होती. मावशी खोडेल, डॉक्टरीणबाईला पुस्तक मिळेल, आणि मी तुला पुन्हा लिहिणार नाही. हे मी शांतपणे लिहिते आहे असं दिसेल. अक्षर पाहा, शांत नाही.

लुआन


शीलुओ, १३ मे

आ-श्या, अगं आ-श्या,

ठरलं. येत्या शनिवारी, सतरा तारखेला, सकाळी दहाची बोट. हे तू लिहिलंस, आणि मी बोटीच्या कचेरीत फोन करून तुझं नाव प्रवाशांत आहे याची खात्री करून घेतली. तिथली मुलगी म्हणाली, “आजी, तुम्ही सकाळीही विचारलं होतं.” मी म्हटलं, मी आजी नाही, आणि सकाळचं सकाळी.

तुझं चार पानी पत्र तीन दिवस माझ्या पिशवीत आहे. पहिली दोन पानं मी कोणाला दाखवलेली नाहीत. तू मला जे बोललीस ते बरोबर बोललीस, आणि मोज्यांबद्दल जे लिहिलंस ते त्याहून बरोबर. तुझ्या वडिलांचे मोजे तू आठ वर्षं धुतलेस हे मला माहीत होतं, आणि तरी मी ते तोंडातून काढलं. त्याबद्दल समोर बोलू.

तिसरं पान मात्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. “विचारलं असतंस तर नाहीच म्हणाले असते. तुझा भाऊ घोरतो हे तूच मला सांगितलं होतंस. पण हसून म्हणाले असते, आणि दुसऱ्या दिवशी आपण पुस्तक बदलायला गेलो असतो.” दादा म्हणाला, “मी घोरत नाही.” वहिनी म्हणाली, “तिला म्हणावं, तुला दूरदृष्टी होती.”

नऊ वर्षं एवढ्यासाठी! मी काल हे आठवून कचेरीत एकटीच हसले आणि मग डोळे पुसले आणि मग पालकाचा भाव लिहिला, बरोबर लिहिला.

दुकानात बातमी मी सांगायच्या आधी पोचली होती. चान मावशीने फडक्याने काच पुसली, आतून आणि बाहेरून. मग म्हणाली, “तीन दिवस म्हणजे तीन दिवस हं. पाहुणी म्हणून चौथा मिळणार नाही.” डॉक्टरीणबाईंनी बोटांवर मोजलं, मंगळवारी माझं. हुआंग सर म्हणाले, “वेंग बाईंना सांगा, सावकाश वाचा.” मग जरा थांबून म्हणाले, “पुस्तक माझ्यासाठीच आहे. बायको वाचायची, मी उरलेलं वाचायचो.” मावशीने त्यांना स्टूल दिलं.

तू विचारलंस, दुसरा भाग शेवटी आवडला की नाही. मला वाटतं, लेखिकेने आपल्याला हवं ते दिलं नाही. आपल्याला तेच दोघं तसेच हवे होते, उंबऱ्यावर, अठ्ठाविसाव्या वर्षी, पाऊस नसलेल्या संध्याकाळी. ते तिने परत दिलं नाही, आणि तिच्यावरचा तो राग माझा जाणार नाही. पण मी ते पुस्तक संपवलं आणि लगेच पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं, मुदत सहा तास उरली असताना. यातून काय ते तू काढ. शेवटाबद्दल माझं तोंड बंद आहे. फक्त ते वाचताना तू एकटी नसावंस. कौलांचं प्रकरण मात्र एकटीच वाच, मला पुन्हा तो चढ नको.

राहायचं कुठे ते तू ठरव. माझ्याकडे खोली आहे. वहिनीकडेही आहे, आणि तिचा स्वयंपाक माझ्यापेक्षा बरा आहे हे मी लेखी देते. बंदराजवळ साधी खानावळही आहे, तिथे दोन खोल्या असतात. तिन्ही जागा रिकाम्या आहेत. मी कुठेही काही सांगून ठेवलेलं नाही.

परतीची बोट कोणती हे तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

हवामानाचं असं. रेडिओवर म्हणाले, शुक्रवारपर्यंत वारा आहे, शनिवारी सकाळी पडेल. बोट साडेअकराला बुदाईच्या धक्क्याला लागायची आहे. लाट असली तर बारा. दादा टेम्पो घेऊन येतो म्हणतो. नको म्हटलं तरी येईल, दोर वगैरे मागे ठेवून जागा करतो आहे. वहिनीही येणार. मी पुढे उभी असेन, करड्या कोटात, केस आता अगदी पांढरे झाले आहेत, म्हणून ओळखायला वेळ लागेल. तुझेही झाले असतील. पहिल्यांदा काय बोलायचं ते मी दोनदा लिहून पाहिलं आणि दोन्ही वेळा फाडलं. चिन्हं अशी दिसतात की आपण दोघी एकदम बोलायला लागू, दोघींचंही कोणाला ऐकू जाणार नाही, आणि दादा सामान हातात घेऊन बराच वेळ उभा राहील.

लुआन